कानाखालची गाठ काढली तर तोंडाची लाळ जाईल का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय ५२. अंगणवाडीत काम करते, संध्याकाळी भजनी मंडळात म्हणते. डाव्या कानाच्या पाळीखाली चार वर्षांपासून गाठ आहे. दुखत नव्हती म्हणून लक्ष दिलं नाही. सुपारीएवढी होती ती यंदा आवळ्याएवढी झाली, तेव्हा जिल्ह्याच्या गावी दाखवलं. सुईची तपासणी आणि एमआरआय झाला. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा म्हणून साधी गाठ आहे, गाठ वरच्या भागात आहे, पण तेवढी लाळेची ग्रंथी काढावी लागेल असं सर्जन म्हणाले. आमच्या आळीतल्या एका वहिनींचं दोन वर्षांपूर्वी तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग शेक घेतले. त्यांच्या तोंडात आता लाळ म्हणून नाही. भाकरीचा घास फिरत नाही, रात्री चारदा उठून पाणी पितात, दातही गेले. माझं तसंच होणार का? ग्रंथी राहू द्या, नुसती गाठ सोलून काढा, असं सर्जनना सांगू का? लाळ टिकावी म्हणून आधीपासून काय करता येईल? मला सर्दीच्या अ‍ॅलर्जीची गोळी रोज लागते, अर्धशिशीसाठी रात्री एक असते, बीपीची आहे. सकाळी मिश्री लावते, खोटं कशाला सांगू? आणि ऑपरेशन आषाढीनंतर केलं तर चालेल का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुमचे रिपोर्ट तुम्ही लिहिलेत तसेच असतील, तर एका बाजूच्या ग्रंथीचा भाग काढल्याने तुमची अवस्था त्या वहिनींसारखी होणार नाही. त्यांची लाळ गेली ती मुख्यतः शेकाने, म्हणजे रेडिएशनने. तुमच्या गाठीला बहुधा रेडिएशन लागणारच नाही. तेव्हा लाळेच्या भीतीने ऑपरेशन टाळू नका.

मी दातांची डॉक्टर आहे. गाठ काढणं माझं काम नाही. पण सर्जनचे टाके निघतात आणि पेशंट त्यांच्याकडे जायचा थांबतो, त्यानंतर वर्षानुवर्षं ते तोंड माझ्या खुर्चीत येतं. लाळ कमी झाली की काय काय बिघडतं आणि कुणाची का टिकते, हे तिथून बऱ्यापैकी दिसतं. म्हणून तुमचं पत्र मी उत्तरासाठी घेतलं.

तुमची गाठ आहे ती पॅरोटिड नावाच्या ग्रंथीत. लहानपणी गालगुंड झालं की कानाखाली सुजते तीच ही. दोन्ही कानांपाशी एकेक पॅरोटिड, जबड्याखाली दोन, जिभेखाली दोन, अशा सहा मोठ्या लाळग्रंथी आपल्याला असतात. शिवाय ओठांच्या आतल्या बाजूला, गालात, टाळूत, घशात बारीक बारीक ग्रंथी शेकड्यांनी पसरलेल्या असतात. सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. गावाला सहा विहिरी आणि घरोघर आड असावेत, त्यातली एक विहीर निम्मी बुजवावी, तर गाव तहानेने मरत नाही, तसंच हे.

यात एक खुबी आहे, ती समजून घ्या. गप्प बसलेलो असताना, झोपेत, बोलताना तोंड ओलं ठेवणारी लाळ बहुतांशी जबड्याखालच्या दोन ग्रंथींमधून येते. त्यांचा वाटा साधारण साठ टक्क्यांच्या पुढे असतो आणि पॅरोटिडचा वीस-पंचवीस टक्के. जेवायला बसलो, चावायला लागलो, ठेच्याचा वास आला, की मात्र पॅरोटिड जोरात कामाला लागते आणि निम्म्याहून जास्त लाळ तिची असते. ती लाळ पातळ असते. घास भिजवायला आणि गिळायला तीच लागते. म्हणजे तुमच्या डाव्या पॅरोटिडचा भाग गेला, तर फरक पडलाच तर तो जेवताना, डाव्या बाजूने चावताना थोडा जाणवेल. भजन म्हणताना तोंडाला लागणारी ओल जबड्याखालून येते आणि त्या ग्रंथींना सर्जन हात लावणार नाहीत. साधारणपणे लाळ निम्म्यावर येईपर्यंत माणसाला कोरड जाणवत नाही. तुमच्या ऑपरेशनने तेवढी घट होणं अवघड आहे.

आता सोलून काढण्याबद्दल. असं कृपा करून सांगू नका. ही गाठ दिसायला गोटीसारखी गुळगुळीत असते, पण तिचं वेष्टण सगळीकडे सारखं नसतं. काही ठिकाणी ते विरळ असतं आणि गाठीचे बारीक कोंब त्यातून बाहेर आलेले असतात. वेष्टणाला लागून सोलली तर ते कोंब आत राहतात. गाठ फुटली तर तिच्यातला ऐवज जखमेत सांडतो आणि काही वर्षांनी तिथेच एकीच्या जागी अनेक बारक्या गाठी उगवतात. पूर्वी अशा सोलण्याची पद्धत होती आणि गाठ परत येण्याचं प्रमाण इतकं होतं की सर्जननी ती सोडली. दुसऱ्यांदा ऑपरेशन करायचं म्हणजे चेहऱ्याची नस जुन्या वणांतून शोधायची. तेव्हा धोका लाळेला नसतो, चेहरा वाकडा होण्याचा असतो. गाठीभोवती निरोगी ग्रंथीची किनार ठेवूनच ती काढायला हवी.

मात्र संपूर्ण ग्रंथी काढणं आणि फक्त गाठ सोलणं, यांच्या मधली जागा बरीच मोठी आहे आणि तुमचा प्रश्न त्या जागेत विचारण्यासारखा आहे. चेहऱ्याची नस पॅरोटिडच्या मधून जाते. तिच्या वर असतो तो वरचा भाग, खाली असतो तो खोल भाग. तुमची गाठ वरच्या भागात आहे. अशा वेळी अनेक सर्जन सगळा वरचा भाग न काढता गाठ आणि तिच्याभोवतीचा तुकडाच काढतात आणि बाकीची ग्रंथी ठेवतात. पॅरोटिडची लाळ एका नळीतून गालात उतरते. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, गालाच्या आतल्या बाजूला जीभ फिरवलीत तर बारीक उंचवटा लागेल, ते तिचं तोंड. ही नळी शाबूत राहिली तर उरलेली ग्रंथी काम करत राहते. नळी बांधावी लागली तर मागे राहिलेला भाग हळूहळू वाळून जातो. तेव्हा सर्जनना एवढंच विचारा : ‘डॉक्टर, गाठीभोवतीची किनार न सोडता जितकी ग्रंथी ठेवता येईल तितकी ठेवाल का, आणि नळी वाचेल का?’ कधी ते हो म्हणतील, कधी गाठ नळीला किंवा नसेला चिकटलेली असेल म्हणून नाही म्हणतील. नाही म्हणाले तर त्यांचं ऐका. तो निर्णय उघड्या जखमेसमोर उभं राहून घ्यायचा असतो.

गाठ चार वर्षं दुखली नाही, म्हणजे ती गरीब आहे असं धरून चालू नका. पॅरोटिडमधल्या बहुतेक गाठी साध्याच असतात, आणि साध्या गाठींत ही तुमची सगळ्यांत जास्त दिसते. पण ही जात वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर थोड्यांमध्ये का होईना कॅन्सरमध्ये बदलते, आणि जितकी वर्षं जास्त तितका तो धोका वाढतो. मधल्या काळात तिच्यावर बिब्बा घालू नका, गरम विटेचा शेक देऊ नका, तेल लावून चोळू नका. ‘नुसती चिरून पाणी काढतो’ म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नका. ती पाण्याची गाठ नाही. गाठ भराभर वाढली, दुखायला लागली, दगडासारखी घट्ट झाली, मानेत दुसरी गाठ लागली, किंवा तोंड वा डोळा एका बाजूला सुस्त वाटला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथेच थांबले, तिच्याकडे येते. तीन गोळ्या आणि मिश्री. ताई, तुमच्या लाळेला सर्जनच्या सुरीपेक्षा तुमच्या गोळ्यांच्या डब्याची भीती जास्त आहे. लाळग्रंथींना ‘लाळ सोड’ असा निरोप नसांमधून येतो. सर्दीच्या अ‍ॅलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या हा निरोप अडवतात; नव्या गोळ्यांत हा त्रास कमी आहे, पण अगदी नाही असं नाही. अर्धशिशीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ती अमिट्रिप्टिलीन असेल, तर तोंड सुकवण्यात तिचा हात धरणारं फार थोडं आहे. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल तर शरीरातलं पाणीही कमी होतं. एकेकटी कुठलीच गोळी गुन्हेगार नाही. तिन्ही मिळून रोज घेतल्या की ग्रंथी धड असूनही तोंड कोरडं पडतं. आजच सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटते का ते बघा. चिकटत असेल तर ऑपरेशनच्या आधीपासूनच तुमची लाळ कमी आहे, आणि नंतर उगाच दोष सर्जनला जाईल.

स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, बीपीची तर अजिबात नाही. तिन्ही गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा : लाळ सुकवणारी कुठली आहे, आणि तिच्याऐवजी दुसरी चालेल का? अ‍ॅलर्जीसाठी गोळीऐवजी नाकातला फवारा पुष्कळांना चालतो. अर्धशिशीला दुसऱ्या गटातली औषधं आहेत. बीपीचंही बदलता येतं. हे ऑपरेशनच्या चार-सहा आठवडे आधी झालं तर उत्तम, कारण नवी गोळी बसायला वेळ लागतो. जाताच आहात तर साखरही तपासून घ्या. बावन्नाव्या वर्षी रात्रीची कोरड म्हणजे कधी कधी मधुमेहाची पहिली वर्दी असते.

मिश्रीबद्दल खरं सांगितलंत, बरं केलंत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्या खाते, दातांची मुळं उघडी पाडते, आणि लाळ कमी झालेल्या तोंडात उघडी मुळं सगळ्यांत आधी किडतात. शिवाय तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. ऑपरेशनच्या निमित्ताने सुटली तर सुटली. इतकं चांगलं निमित्त परत मिळत नाही. एकदम जमत नसेल तर तंबाखू सोडण्यासाठीची निकोटिनची औषधं डॉक्टरांकडून घ्या. मिश्री सोडून सुपारी धरू नका एवढंच.

घरी करता येण्यासारखी एक मोजणी सांगते. ती ऑपरेशनच्या आधी एकदा करून ठेवा, म्हणजे नंतर तुलनेला काहीतरी हातात राहील. सकाळी उठून, काही खाल्लं-प्यायलं नसताना, दात घासले नसताना, खुर्चीत मान थोडी खाली घालून बसा. एकदा लाळ गिळून टाका आणि घड्याळ लावा. पाच मिनिटं काही बोलू नका, जीभ हलवू नका, चिंचेचा विचारसुद्धा करू नका. तोंडात जमेल ते मधूनमधून एका छोट्या वाटीत सोडत रहा. मग मेडिकलमधली सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज घेऊन मोजा. फेस सोडून द्या. दीड ते दोन मिली भरली तर छान. अर्ध्या मिलीच्या खाली असेल तर लाळ खरोखर कमी आहे, आणि ते सर्जनना व दातांच्या डॉक्टरांना आधीच सांगा. आकडा तारखेसकट वहीत लिहा. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, त्याच वेळी, तशाच पद्धतीने पुन्हा मोजा. कोरड ही भावना असते आणि लाळ हा आकडा असतो. दोन्ही नेहमी जुळत नाहीत. कुणाला लाळ भरपूर असून काळजीने कोरड वाटते, कुणाची निम्मी झालेली असून पत्ता नसतो आणि दात भराभर किडतात.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लोक हमखास चुकीचा सल्ला देतात : लाळ सुटावी म्हणून लिंबू चोखा, आवळासुपारी चघळा. तेव्हा हे करू नका. ग्रंथीचा कापलेला भाग अजून भरलेला नसतो. आंबट खाल्लं की उरलेली ग्रंथी लाळ सोडते, ती नळीतून न जाता जखमेत साठते आणि कानाखाली मऊ फुगवटा येतो किंवा टाक्यांतून स्वच्छ पाणी झिरपतं. जेवताना कानाखालची पट्टी भिजली तर ओळखा की हेच. घाबरण्यासारखं नसतं; सर्जन सुईने काढतात, घट्ट पट्टी बांधतात आणि बहुतेकदा ते आपोआप थांबतं. पण त्यांना दाखवा, घरी दाबून काढू नका. जखम भरली असं सर्जननी सांगितलं की मग चावणं वाढवा.

आणखी काही गोष्टी होतील, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. कानाची पाळी बधिर होईल, कारण तिकडे जाणारी नस पुष्कळदा कापावी लागते. कुडी घालताना टोचलेलं कळणार नाही, म्हणून आरशात बघून घाला. बधिरपणाचा टापू हळूहळू आकसत जातो. डाव्या बाजूचा ओठ किंवा पापणी काही दिवस, कधी काही महिने सुस्त राहू शकते. नस कापली नसली तरी नुसत्या हाताळण्याने ती रुसते. ओठाच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं की लोक म्हणतात लाळ वाढली; लाळ वाढलेली नसते, ओठ नीट मिटत नसतो. प, ब, म जरा सैल येतील, तेव्हा भजनात महिनाभर टाळ धरा. डोळा पूर्ण मिटत नसेल तर मात्र त्याच दिवशी सांगा, बुबुळ कोरडं पडणं परवडत नाही. काहींना पहिल्या घासाला कानाखाली कळ येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासाला जाते. खोल भागाच्या ऑपरेशननंतर हे जास्त दिसतं, तुम्हाला शक्यता कमी.

सहा महिने, वर्ष उलटल्यावर एखाद्या दिवशी जेवताना तुमच्या डाव्या गालावर घाम येईल. येईलच असं नाही, पण आला तर भानामती समजू नका. लाळग्रंथीकडे जाणाऱ्या बारीक नसा कापल्यावर पुन्हा वाढतात आणि ग्रंथी जागेवर नसल्यामुळे वरच्या कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. जेवणाचा निरोप येतो, लाळेऐवजी घाम सुटतो. पोलंडच्या लुत्सिया फ्राय या मेंदू-मज्जाविकार तज्ज्ञ बाईंनी १९२३ साली यामागची नस नेमकी दाखवून दिली, म्हणून याला त्यांचं नाव आहे. रुमालाने टिपण्याइतकाच असेल तर सोडून द्या. लाज वाटण्याइतका असेल तर घाम रोखणारं मलम किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन आहे. इंजेक्शनचा परिणाम काही महिने टिकतो.

रेडिएशनबद्दल लिहायलाच हवं. एक कारण तुमच्या वहिनी, दुसरं असं की सुईच्या तपासणीत साधी वाटलेली गाठ काढल्यानंतर पूर्ण तपासली की क्वचित वेगळी निघते. ऑपरेशनच्या गाठीचा रिपोर्ट यायला आठवडा-दीड आठवडा लागतो. तो हातात घेतल्याशिवाय ‘सगळं झालं’ म्हणू नका. त्यात कॅन्सर निघाला आणि तो जोरकस जातीचा असला, कडेला शिल्लक असला, नसेत किंवा मानेच्या गाठींत शिरलेला असला, तर सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन द्यावं लागतं. लाळ वाचवायची खरी लढाई तिथे असते, आणि ती मशीन सुरू होण्याआधी, आखणीच्या टेबलावर लढायची असते.

लाळग्रंथीच्या पेशी रेडिएशनला विलक्षण नाजूक असतात. पहिल्याच आठवड्यात लाळ घटायला लागते. पण किती मात्रा पोचली यावर पुढचं ठरतं. निदान एका पॅरोटिडला सरासरी साधारण २० ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशनची मात्रा मोजायचं माप) आत ठेवता आलं, किंवा दोन्हींना २५ च्या आत, तर लाळेचा मोठा भाग वर्ष-दोन वर्षांत परत येतो. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये अनेकदा मानेच्या दोन्ही बाजूंना रेडिएशन द्यावं लागतं, त्यामुळे सहाही ग्रंथी सापडतात. वहिनींचं बहुधा तसंच झालं असावं. पॅरोटिडच्या कॅन्सरला मात्र सहसा त्याच एका बाजूला देतात. म्हणजे तुमच्यावर ती वेळ आलीच तरी उजवी बाजू जवळजवळ पूर्ण वाचवता येते.

ती वाचवणाऱ्या पद्धतीला आयएमआरटी म्हणतात. किरणांची तीव्रता तुकड्यातुकड्याने बदलून गाठीच्या जागेवर पूर्ण मात्रा आणि शेजारच्या ग्रंथीवर कमी मात्रा टाकता येते. ब्रिटनमध्ये घशाच्या कॅन्सरच्या ९४ पेशंटवर जुनी पद्धत आणि ही पद्धत यांची तुलना झाली, तिचे निकाल २०११ मध्ये आले. वर्षभरानंतर जुन्या पद्धतीत शंभरातल्या ७४ जणांना त्रासदायक कोरड होती, नव्यात ३८ जणांना. मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही अशी तुलना करून लाळ जास्त वाचते असं दाखवलं. आज ही सोय महाराष्ट्रातल्या बऱ्याच कॅन्सर केंद्रांत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच : ‘माझ्या दुसऱ्या बाजूच्या पॅरोटिडला सरासरी किती ग्रे जातंय?’ हा आकडा त्यांच्या संगणकावर असतोच. प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. खारघरला प्रोटॉन किरणांनी रेडिएशन देणारं मशीन आलंय, पण त्याच्या मागे धावत उपचार लांबवण्यात अर्थ नाही.

तशी वेळ आलीच तर मशीनच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. इथे मी हट्टी आहे. वाचणार नाही असा दात रेडिएशनच्या निदान दोन आठवडे आधी काढायचा असतो, म्हणजे जखम भरते. नंतर काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं, आणि तो त्रास कोरडेपेक्षा फार वाईट.

वहिनींना हे उत्तर वाचून दाखवा, कारण पुढचं त्यांच्यासाठीही आहे. थोडी जरी ग्रंथी जिवंत असली तर पायलोकार्पिन नावाची गोळी तिला जागी करते. दिवसातून तीनदा पाच मिलिग्रॅम अशी ती सहसा देतात. दमा असणाऱ्यांना आणि काचबिंदूच्या एका प्रकारात ती चालत नाही, घाम आणि लघवी वाढते, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. ग्रंथी पूर्ण गेली असेल तर ती गोळी काही करत नाही. तेव्हा लाळेसारखं जेल किंवा फवारा वापरायचा, विशेषतः झोपताना. एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा मीठ घालून दिवसातून चार-सहा वेळा चूळ भरायची. अल्कोहोल असलेलं माउथवॉश फेकून द्या. जिभेवर पांढरा थर आला, तोंड भाजल्यासारखं झालं, तर ती बुरशी असते, तिला वेगळं औषध लागतं. तिळाच्या तेलाची चूळ किंवा ओठांना तूप याने तोंड तात्पुरतं बुळबुळीत राहतं. नुकसान नाही, पण त्याने ग्रंथी उगवत नाही. भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करून खायची यात कमीपणा नाही.

पाणी घोटघोट प्या. तांब्याभर एकदम पिऊन तोंडात असलेली थोडी लाळही वाहून जाते आणि रात्री उठावं मात्र लागतं. लाळ सुटावी म्हणून लिमलेटच्या गोळ्या चघळणारे पेशंट मी पाहते. सहा महिन्यांत त्यांच्या दातांच्या कडा काळ्या पडतात. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते आणि त्यांना कॅल्शियम परत देते. ती कमी असताना साखर आणि लिंबू दोन्ही दातांना महाग पडतात. साखर नसलेलं, झायलिटॉलचं च्युइंगगम जेवणानंतर दहा मिनिटं चघळा. गावात मिळालं नाही तर साधी बडीशेप, रंगीत साखरेची नव्हे. चावण्याच्या कृतीनेच पॅरोटिड जागी होते, म्हणून जखम भरल्यावर दोन्ही बाजूंनी चावून खा. टूथपेस्टच्या पाकिटावर फ्लोराइड १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलेलं असावं. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये ते अजिबात नसतं. रात्री घासल्यावर फक्त थुंका, चूळ भरू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या.

आता आषाढी. गाठ साधी आहे असा सुईचा रिपोर्ट आहे आणि ती चार वर्षं जुनी आहे, त्यामुळे चार-सहा आठवडे मागे-पुढे झाल्याने सहसा बिघडत नाही. पण ते सर्जनना विचारून ठरवा, कारण ती यंदा वाढलीय असं तुम्हीच लिहिलंय. त्यांनी होकार दिला तर मधला वेळ गोळ्या बदलण्यात, मिश्री सोडण्यात आणि माझ्यासारख्या कुणाकडून दात साफ करून घेण्यात घालवा. फक्त आषाढीनंतरची तारीख आषाढीच्या आधी घेऊन ठेवा. ‘नंतर बघू’ म्हटलं की मग श्रावण, मग गौरी-गणपती, मग दिवाळी, आणि पुढच्या वर्षी गाठ लिंबाएवढी झालेली असते. हॉस्पिटलला जाताना सुईचा रिपोर्ट, एमआरआयची फिल्म आणि तिन्ही गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा, आणि लाळेच्या मोजणीचं वहीतलं पानही.